बुट्टीतला दगड

“...मग मला एवढंच सांगा वस्ताद, खरं बोलायचं म्हणजे गुन्हा हाय का?”

हिंदुराव वस्तादांनी मान वर केली नाही. तालमीच्या मागच्या परड्यात पोत्यावर बसून ते कोंबड्यांना कण्या टाकत होते. एक मूठ इकडं, एक मूठ तिकडं.

रंगराव चौगुले भर दुपारी सायकल हाणत आला होता. साठीचा गडी, एके काळी याच तालमीतला पट्ठ्या, दोन वर्षांपूर्वी साखर कारखान्यातून रिटायर झालेला. घाम पुसायलासुद्धा थांबला नाही. दारातूनच त्याचा पट्टा सुरू झाला होता.

“बस,” वस्ताद म्हणाले.

“बसायला आलो न्हाई. न्याय मागायला आलोय.”

“मग उभा ऱ्हा.”

रंगराव बसला.

आता रंगरावचं म्हणाल, तर माणूस वाईट नव्हे. व्यसन नाही, लबाडी नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. एकच खोड. तो बरोबर असायचा. सकाळी बरोबर, संध्याकाळी बरोबर, सणावारी बरोबर. अशा माणसाशेजारी चार दिवस राहून बघा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

“नऊ कोंबड्या हाईत माझ्या,” रंगराव म्हणाला. “सतरा दिवस झालं, घरात एक अंडं न्हाई. खायाला येत्यात, पाणी प्यायाला येत्यात, झोपायला येत्यात. अंडं घालायच्या टायमाला उठून कृष्णाताच्या परड्यात!”

“तुमच्या मधल्या भिताडाला खिंडार हाय न्हवं?”

“हाय की. पहिल्यापास्नं हाय. पण ह्याच्या आधी एक तरी जात होती का?”

“मग अंडी कृष्णात ठेवून घेतोय?”

“तेच तर!” रंगराव मांडीवर हात आपटून ओरडला. जवळची काळी कोंबडी दचकून बाजूला झाली. “ठेवून घेतली असती तर भांडलो असतो. त्यो गोळा करतोय, डब्यात घालतोय, डबा भिताडावर ठेवतोय आणि माघारी जातोय. रोज! बोलत न्हाई, बघत न्हाई. आरं, शिव्या दे म्हणावं, दगड मार म्हणावं, पण बोल की मर्दा!”

त्याचा आवाज शेवटी जरा चिरकला. ते लपवायला तो खाकरला.

कृष्णात खाडे हा रंगरावचा जोडीदार. जोडीदार म्हणजे तालमीतला. दोघं सोळा वर्षांचे असताना याच वस्तादांनी त्यांची जोड लावून दिली. रोज पहाटे एकमेकांना उचलून आपटायचं, मग एकाच तांब्यातलं दूध प्यायचं. पुढं घरं शेजारी झाली, लग्नं झाली, पोरं झाली. कुस्ती सुटली तशा दोघांनी परड्यात कोंबड्या पाळल्या. दिवस कलला की कृष्णात चहाची कपबशी घेऊन खिंडारातून अलीकडं यायचा. दोघं खुराड्यासमोर बसायचे आणि एकेक कोंबडी आत शिरताना बघायचे. कुठली आज उशिरा आली, कुठली खुडूक बसणार, कुणाच्या पिल्लावर घार टपलीया. तासभर हेच. बायका हसायच्या.

आणि कोंबड्या कोंडून झाल्या, की कृष्णात म्हणायचा, “सांग की रंग्या, गदेचं.”

मग रंगराव गदेची गोष्ट सांगायचा. जत्रेतली शेवटची कुस्ती, समोर कृष्णातच, आणि रंगरावनं मारलेला धोबीपछाड. छत्तीस वर्षं तीच गोष्ट. कृष्णात प्रत्येक वेळी नव्यानं ऐकल्यागत ऐकायचा आणि शेवटी मांडीवर थाप मारून म्हणायचा, “काय डाव व्हता मर्दा!”

आता महिना झाला, कृष्णात आला नव्हता.

“उद्या सकाळी त्यो खिंडाराला पत्रा ठोकणार हाय,” रंगराव म्हणाला. “पत्रा आणून टेकवून ठेवलाय. खिळं बी आणल्यात. मी बघितलं.”

वस्तादांचा हात कण्यांत थांबला.

“काय केलंस तू?”

“मी काय केलं? मी काय बी केलं न्हाई! मी बरोबर व्हतो!”

“ते ठावं हाय. काय केलंस?”

रंगरावनं सांगितलं. आणि सांगताना पुन्हा तापला.

कृष्णातचा एक कोंबडा होता. सरदार. तुरा केवढा, आब केवढा! कृष्णातनं त्याला पिल्लू असल्यापासून हातावर वाढवलेलं. तो एके सकाळी मान वाकडी करून पडला आणि दुपारपर्यंत गेला. कृष्णात म्हणाला, साप डसला. लाकडाच्या ढिगाऱ्यात साप असणारच.

“साप कुठला!” रंगराव म्हणाला. “मानमोडीचा रोग त्यो. आंधळ्यालासुदीक कळंल. लस टोचायला गावात माणूस आला त्या मंगळवारी हा गडी कुस्त्या बघायला गेला व्हता. मी त्याला म्हणलं, साप न्हाई, मानमोडी. तर म्हणतोय, साप. मी म्हणलं, मानमोडी. तर म्हणतोय, बरं, तू म्हणतोस तर तसं.”

“मग मिटलं की.”

“तसं कसं मिटलं? ‘तू म्हणतोस तर’ म्हणजे काय? मी लस टोचणाऱ्याला गाठला. त्याची वही आणली. वहीत साऱ्या गावाची नावं, ह्याचं न्हाई. चार माणसं बसली व्हती पारावर, त्यांच्यासमोर वही उघडून त्याच्या मांडीवर ठेवली. म्हणलं, वाच. आणि आता सांग, सरदार कशानं मेला?”

“सांगितलं त्यानं?”

“सांगितलं की. सांगावंच लागलं.”

“काय म्हणला?”



“म्हणला... माझ्यामुळं मेला.”

“मग?”

“मग उठून घरात गेला. तवापास्नं ह्यो असा.”

वस्तादांनी कण्यांची आणखी एक मूठ टाकली.

परड्याच्या कोपऱ्यात आखाड्यातली जुनी माती ओतली होती. हळद, ताक, तेल पिऊन तांबडीलाल झालेली. त्यात दोन कोंबड्या कुशीवर पडून अंग घोळत होत्या. रंगराव त्यांच्याकडं बघत बसला. एरवी कृष्णात असता तर म्हणाला असता, बघ रंग्या, कोंबड्या बी कुस्ती खेळाय लागल्या.

“मला संध्याकाळ जाईना झालीया वस्ताद,” तो एकदम बोलून गेला. “पण मी चुकलो असं म्हणू कसा? चुकलोच न्हाई तर?”

“कोंबड्यांचं बोल,” वस्ताद म्हणाले.

“आता कोंबड्यांचं काय?”

“खुराड्यात अंडी घालायला काय ठेवलंयस?”

इथं रंगरावला हुरूप आला. रिटायर झाल्यापासून कोंबड्यांचा सगळा कारभार त्यानं बायकोच्या, हौसाबाईच्या, हातातून काढून घेतला होता. तालुक्याला जाऊन दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं. सर्टिफिकेट आणलं, गदेशेजारी टांगलं. गेल्या महिन्यात हौसाबाईच्या जुन्या, पिंजाराचं वाळकं गवत घातलेल्या बुट्ट्या-टोपल्या फेकून पत्र्याचे खण केले. एकसारखे, नंबर घातलेले.

“आणि दिवसातनं तीनदा अंडी उचलतो,” तो म्हणाला. “घातलं की उचललं. एक मागं ठेवत न्हाई.”

“एक बी न्हाई?”

“कशाला ठेवू? नासतंय, फुटतंय, मुंगूस येतंय. हौसा काय करायची, तर बुट्टीत एक पांढरा दगड ठेवायची. अंड्यागत. कोंबडीला वाटावं, हितं अंडं हाय, आपण बी हितंच घालू. बघा आता! आरं, मुक्या जित्राबाला फसवायचं? मी जल्मात कुणाला फसवलं न्हाई, कोंबडीला फसवू व्हय? घेतला दगड आणि दिला भिरकावून.”

“कुठं?”

“भिताडापल्याड.” रंगरावनं नाक फेंदारलं. “तर कृष्णातनं उचलून आपल्या बुट्टीत ठेवला. मी खिंडारातनं बघितला की! दगड माझा, कोंबड्या माझ्या, आणि अंडी त्याच्या बुट्टीत!”

वस्तादांनी कपाळावर हात मारून घेतला. ऐंशी वर्षांच्या माणसानं मारावा तेवढ्या जोरात.

“हौसा काय म्हणली, दगड टाकलास तवा?”

“म्हणली, एक ऱ्हाऊ द्या. मी म्हणलं, का? कारण सांग. तिला कारण सांगता ईना. मग म्हणली, बरं.”

“आणि आता?”

“आता काय बी बोललं तरी ‘बरं’ म्हणती,” रंगराव म्हणाला. “भाजीत मीठ न्हाई म्हणलं तरी ‘बरं’. डोकं उठलंय माझं.”

“माझं बी,” वस्ताद म्हणाले.

तेवढ्यात भिंतीकडेच्या बुट्टीतून तांबडी कोंबडी उठली, बाहेर उडी मारून तिनं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा कालवा केला.

“जा,” वस्ताद म्हणाले. “बुट्टीतलं घेऊन ये.”

रंगराव उठला. बुट्टीत पिंजार होतं, पिंजारात दोन अंडी. त्यानं सवयीनं दोन्ही उचलली. एक हाताला कोमट लागलं. दुसरं गार होतं, आणि जड.

त्यानं ते उलटंपालटं करून बघितलं.

“दगड हाय ह्यो!”

“व्हय.”

“म्हणजे तुम्ही बी...”

“व्हय.”

नदीतला पांढरा गोटा होता. कोंबड्यांच्या पोटाखाली इतकी वर्षं राहून असा गुळगुळीत झालेला, की लांबून बघणाऱ्याला कळू नये. रंगरावनं कोमट अंडं कडेला ठेवलं आणि गोटा वस्तादांसमोर धरला. पोराच्या खिशात बिडी सापडल्यावर बाप धरतो तसा.

“हे खोटं हाय, वस्ताद.”

“तिकडं बघ,” वस्ताद म्हणाले.

मघाची काळी कोंबडी अंड्यावर आली होती. ती बुट्टीत चढली. पिंजारात मान घालून बघितलं. उतरली. पुन्हा चढली, पिंजार पायानं उकरलं, पुन्हा उतरली. मग तिनं बुट्टीकडं पाठ केली आणि कुडाच्या फटीतून सरळ गल्लीत गेली. पलीकडं सुताराचा लाकडांचा ढीग होता.

दोघं ती गेलेली फट बघत राहिले.

“तिला कळत न्हाई व्हय, त्यो दगड हाय म्हणून?” रंगरावनं विचारलं.

“तिला म्या कधी विचारलं न्हाई.”

रंगरावचा पारा पुन्हा चढला. त्याला साधं उत्तर हवं होतं आणि म्हातारा कोंबड्या दाखवत होता.

“ते काय बी असू दे, खोटं ते खोटंच!” तो दगड हातात नाचवत म्हणाला. “तुम्हीच शिकवलंय आम्हाला. मातीत खोटं खेळायचं न्हाई. मी जल्मभर पाळलं. माझ्या घरात ती गदा हाय, ती काय खोटी हाय? सारा गाव साक्षीला व्हता. कृष्णातला खांद्यावर घेतला आणि असा आपटला धोबीपछाड, की त्याला आभाळ दिसलं. त्या एका कुस्तीवर कारखान्यानं मला नोकरी दिली. बा अंथरुणाला खिळला व्हता, घरात चूल दोन दिसानं पेटत व्हती. ती गदा नसती तर आज मी कुठं असतो? खरं खेळलो म्हणून...”

“धोबीपछाडाची तोड काय?” वस्तादांनी मधेच विचारलं.

तालमीत विचारायचे त्याच आवाजात. रंगरावनं न अडखळता उत्तर दिलं. साठ वर्षांचा असला म्हणून काय झालं, वस्तादासमोर पट्ठ्याच.

“समोरचा खांद्यावर घ्यायला वळला, की त्याच्या मागनं कमरेला मिठी मारायची आणि खाली बसायचं. मग डाव लागत न्हाई.”

“पोरांस्नी ती तोड कोण शिकवायचा हितं?”

“कृष्णात. त्याची मिठी बसली की बैल लावला तरी...”

रंगरावचं तोंड उघडंच राहिलं.

...

मातीत लोळणाऱ्या कोंबड्या उठून अंग झटकत होत्या. तांबडी धूळ उडून खाली बसली.

रंगरावला ती कुस्ती आठवत होती. कशी आठवणार नाही, छत्तीस वर्षं रोज सांगितलेली. पण सांगताना तो नेहमी स्वतःचा खांदा सांगायचा, स्वतःचा पेच सांगायचा. आज पहिल्यांदा त्याला कृष्णातचे हात आठवले. तो वळला तेव्हा ते कमरेला आले होते. बरोबर जागी आले होते. बोटात बोटं गुंतलीसुद्धा होती. आणि मग...

जत्रेच्या आदल्या दिवशी कारखान्यातल्या नोकरीची बातमी त्याला सांगायला कोण पळत आलं होतं? कृष्णातच. जिंकणाऱ्याला घेणार हाईत रंग्या, तुझ्या बाच्या औषधाचं काम होतंय बघ, म्हणाला होता. आणि कृष्णात स्वतः? तो पुढं आयुष्यभर लोकांच्या रानात राबला.

आणि मी त्याच्या मांडीवर वही ठेवली. चार माणसांसमोर. म्हणालो, वाच.

रंगरावला खाली बसायचं होतं. तो बसलेलाच नव्हता, मघापासून बुट्टीपाशी दगड हातात घेऊन उभा होता, हे त्याला आत्ता कळलं.

“वस्ताद,” तो म्हणाला. “ती कुस्ती... कृष्णातनं मला दिली व्हती?”

वस्तादांनी पोत्यावरच्या उरलेल्या कण्या तळहातानं गोळा केल्या.

“दगड कुठनं उचललास?”

“बुट्टीतनं.”

“मग ठीव तितं.”

“पण वस्ताद, मला खरं काय ते...”

“रंग्या!”

साऱ्या परड्यातल्या कोंबड्यांनी माना वर केल्या. या एका हाकेवर एके काळी चाळीस पोरं मातीत गप्प उभी राहायची. रंगरावही गप्प झाला.

“लेका, साठ वर्सांचा घोडा झालास,” वस्ताद म्हणाले. आवाज खाली आला होता, पण वैताग तसाच होता. “किती उकरशील? हातातलं ठीव आधी.”

रंगराव वाकला. पिंजारात हातानं खळगा केला आणि दगड त्यात ठेवला. नीट बसला नाही म्हणून पुन्हा उचलून ठेवला. वर दोन काड्या ओढल्या. मग शर्टाच्या बाहीला डोळे पुसले, आणि पिंजाराची धूळ गेली असं काहीतरी पुटपुटला. वस्तादांनी ते ऐकून घेतलं.

ऊन परड्याच्या निम्म्यावर आलं होतं. सुताराच्या ढिगाऱ्याकडून काळी परत आली. कुडाच्या फटीत थांबून तिनं मान तिरकी केली, मग दुडूदुडू बुट्टीपाशी गेली, चढली, पिंजारात बघितलं. दोनदा गोल फिरली आणि बसली.

रंगराव तिच्याकडं बघत म्हणाला, “जातो कृष्णाताकडं. आत्ताच जातो, पत्रा ठोकायच्या आधी.”

“जा.”

“पण जाऊन म्हणू काय?”

“काय म्हणू नगंस. च्या माग.”

“आणि सरदारचं? साप व्हता असं म्हणू?”

“तू म्हणू नगंस. त्यो म्हणंल, तवा तू च्या पी.”

रंगरावनं मान डोलावली. हे जमण्यासारखं होतं. अवघड होतं, पण जमण्यासारखं. तो सायकलीपाशी गेला, स्टँड काढला, दोन पावलं चालला आणि थांबला. हँडल घट्ट धरून तो माघारी वळला.

“वस्ताद, आणि त्यानं गदेची गोष्ट काढली तर?” तो म्हणाला. “काढणारच. कोंबड्या कोंडून झाल्या की म्हणतोय, सांग की रंग्या. आता मी ती कुठल्या तोंडानं सांगू?”

वस्ताद पोतं झटकत उठले. कंबर धरून सरळ व्हायला त्यांना वेळ लागला.

“पहिल्यापास्नं सांग,” ते म्हणाले. “त्याला लई आवडती ती.”